फ्रेमफोड्या

निळी फ्रेम वर्कशॉपमध्ये आली त्या दिवशी कानस भर कामाच्या वेळेत स्टुलावर बसली. तिला असं बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

कानस, म्हणजे लोखंड घासायचं हत्यार, हे काही तिचं खरं नाव नव्हे. तरुणपणी ती ज्या मास्तरांकडे सायकलच्या फ्रेमी बांधायला शिकली, त्यांनी ते दिलं होतं. "हिची जीभ ज्याला लागेल त्याचा एक थर निघतो," असं ते म्हणायचे. आता तिचे केस पांढरे झाले होते, पण नावाची धार गेली नव्हती. डोंगरातल्या वाटांवर चालणाऱ्या सायकलींच्या स्टीलच्या फ्रेमी ती बांधायची, आणि जुन्या, म्हणजे तिच्याच तरुणपणातल्या फ्रेमी दुरुस्त करायची. शेजारच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ चाकं बांधत असे. त्याचा उजवा हात कोपरातून सरळ होत नसे. पण स्पोक ताणायला सरळ हात लागतोच असं नाही.

निळी फ्रेम घेऊन आलेली बाई नर्स होती. ड्यूटीवरून थेट आली होती आणि उभ्या उभ्या डुलक्या घेत होती.

"माझ्या मावशीची आहे. माळ्यावर पडून होती. रंग उडालाय, तेवढा नवा द्या. मावशी म्हणायची, ॲल्युमिनियम आहे, गंजत नाही, मरेपर्यंत टिकेल."

"मावशी कशी आहे?"

"गेली मागच्या वर्षी."

"म्हणजे म्हणाली ते खरं केलं," कानस म्हणाली. नर्स आधी दचकली आणि मग खो खो हसली. झोपही उडाली.

कानसने मागचं चाक काढलं. चाकाचा आस जिथे बसतो त्या दोन चपट्या पट्ट्यांची आतली बाजू तिने पुसली, आणि तिचा हात थांबला. दोन्ही पट्ट्यांवर वॉशर रुतल्याची गोल खूण होती. त्यातल्या एका गोलाला एका जागी बारीक खाच होती, उंदराने कुरतडल्यासारखी.

ती बसली ती तेव्हा.

त्या खुणेत एवढं काय होतं, ते नीट समजून घ्यायला हवं.

मास्तरांकडे दोघं शिकत होते. एक कानस, आणि दुसरा चकाकी. त्याला कुठलाही धातू दिला की तो त्यात तोंड दिसेपर्यंत घासत बसायचा, म्हणून चकाकी. दोघं एकाच भात्यावर शिकले, एकाच ताटलीतलं खाल्लं. पुढे ॲल्युमिनियमच्या फ्रेमी आल्या. हलक्या, जाड नळ्यांच्या, आरशासारख्या. चकाकी त्यांच्यावर लट्टू झाला. मास्तर थकले तेव्हा त्यांनी आपली हत्यारं त्याच्या हवाली केली, कारण त्याच्याकडे मोठी जागा होती. कानसच्या वाट्याला एक पक्कडही आली नाही. पण तिने ते मनाला लावून घेतलं नाही. तिने मनात धरलं ते वेगळंच होतं.

त्याच सुमारास मागच्या चाकाचे नवे गिअर आले. जास्त चकत्यांचे, म्हणून रुंद. जुन्या फ्रेमीच्या मागच्या दोन नळ्यांमध्ये ते मावेनात. स्टीलची फ्रेम असेल तर त्यावर सोपा उपाय होता. आटे पाडलेला एक दांडा त्या नळ्यांच्या मध्ये आडवा धरायचा, दोन्ही टोकांना वॉशर आणि नट लावायचे, आणि नट बाहेरच्या बाजूला फिरवत जायचं. नळ्या हळूहळू फाकतात आणि तशाच राहतात. मास्तरांच्या दांड्याच्या एका वॉशरचा टवका उडालेला होता, त्यानेच त्यांनी अशा कितीतरी फ्रेमी रुंद करून दिल्या. त्यातली एकही परत आली नाही.

कारण स्टील विसरतं. हलका धक्का बसला तर ते वाकतं, परत येतं, आणि झालं गेलं त्याच्या लेखी संपतं. असे धक्के आयुष्यभर द्या, त्याला काही वाटत नाही. पाणी साचून आतून गंजलं तर गोष्ट वेगळी. ॲल्युमिनियमला गंज खात नाही, पण त्याची आठवण पक्की. प्रत्येक धक्का, अगदी लहानसुद्धा, ते कुठेतरी आत जमा करतं. म्हणून तर त्याच्या नळ्या जाड ठेवतात, की धक्का फार आत पोचूच नये. नीट बनवलेली आणि नीट वापरलेली ॲल्युमिनियमची फ्रेम पुष्कळ वर्षं चालते. पण तिला एकदा जबरदस्तीने फाकवलं, की तिची निम्मी सहनशक्ती त्याच दिवशी संपते, आणि वरून काहीच दिसत नाही.

चकाकीच्या हाताला स्टीलची सवय होती. त्याने मास्तरांचाच दांडा घेतला, मास्तरांसारखाच ॲल्युमिनियमच्या फ्रेमींना लावला. कुरकुर नाही, तडा नाही. तो खूश. त्यातलीच एक, मावशीच्या फ्रेमीसारखीच निळी, त्याने शर्यतीसाठी कानसच्या भावाला दिली.

धाकटा तेव्हा उतारावरचा सगळ्यात वेगवान गडी होता. गावच्या सायकल क्लबच्या शर्यतीत, शेवटच्या उतारावर, सगळ्यांच्या पुढे असताना त्याची फ्रेम पायडलच्या मागे मोडली. मागून येणारा त्याच्यावर आदळला आणि स्वतःचा जबडा फोडून बसला. धाकट्याच्या कोपराचे तुकडे झाले.

इथपर्यंत ती चूक होती. चूक कुणाकडूनही होते.

पण चकाकी उतारावर सगळ्यांच्या आधी पोचला होता. त्याने मोडलेली जागा पाहिली. तुटका भाग उचलून गाडीत टाकला. आणि क्लबच्या बैठकीत सांगितलं, "फ्रेम उत्तम होती. पोरगा जनावरासारखा चालवतो." कानसने फ्रेम पाहायला मागितली तेव्हा तो म्हणाला, ती वितळवायला दिली. क्लबने धाकट्याचं नाव कायमचं कापलं. ज्याचा जबडा फुटला त्याने कधी ओळख दाखवली नाही. आणि गावभर धाकट्याचं नाव पडलं फ्रेमफोड्या. आजही नवं गिऱ्हाईक यायचं आणि विचारायचं, "ते फ्रेमफोड्या इथेच बसतात का? चाक बांधून हवं होतं." त्यांना वाटायचं ते लाडाचं नाव आहे.

कानसला संशय होता, पण हातात काही नव्हतं. आता होतं.

"फ्रेम मला द्या," ती नर्सला म्हणाली. "बदल्यात तुमच्या मापाची स्टीलची बांधून देते. रंग तुम्ही सांगाल तो."

"अहो, पण ही तर जुनी..."

"मला जुनीच हवी आहे."

संध्याकाळी तिने धाकट्याला खूण दाखवली. त्याने बराच वेळ अंगठ्याने ती चाचपली.

"जाऊ दे ना, ताई," तो म्हणाला. "झालं ते झालं."

"तुझं झालं असेल. माझं व्हायचंय."

"तो म्हणेल, कुठली तरी खूण दाखवतेस. म्हणेल, ॲल्युमिनियमच कच्चं असतं, तुझ्या भावाचं नशीब."

"बरोबर. म्हणून आधी त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं, की ॲल्युमिनियम पक्कं असतं."

धाकटा परत चाकाकडे वळला. "चहा ठेवू का?" एवढंच म्हणाला.

चकाकीचं दुकान म्हणजे काचेचा महाल. फरशी एवढी घासलेली की गिऱ्हाईक आपल्याच चेहऱ्यावर पाय देऊन चालायचं. एका काचेच्या कपाटात मास्तरांची हत्यारं मखमलीवर मांडलेली, कुलपात. दर वर्षी क्लब तिथे जुन्या डोंगरी सायकलींचं प्रदर्शन भरवत असे, आणि दर वर्षी तोच वाद रंगायचा: टिकाऊ कोण, स्टील की ॲल्युमिनियम?

कानस दारात दिसली तेव्हा चकाकी मनापासून हसला.

"अगं कानस! आज इकडे कशी? पाय पुसून ये हं, तुझ्याबरोबर गंज येतो."

"आणि तुझ्या दुकानात यायचं तर डोळे झाकून यावं लागतं. आरसे विकतोस की सायकली?"

क्लबच्या अध्यक्ष दातांच्या डॉक्टर होत्या. त्या खुर्चीत बसून दोघांची मजा बघत होत्या.

"बाई, दर वर्षी नुसती तोंडं वाजवतो आपण," कानस त्यांना म्हणाली. "यंदा मी यंत्र आणते. तीन फ्रेमी त्यात बसवू. मोटर लावायची, ती पायडलवर माणसाच्या पायासारखी दाबत राहील, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. प्रदर्शन संपेपर्यंत चालू ठेवायचं. तुटेल ती तुटेल."

"तीन कशाला?" चकाकीने विचारलं.

"एक माझी स्टीलची. एक तुझी, तुझ्या कपाटातली, तू निवडशील ती. तिसरी एक जुनी ॲल्युमिनियमची माझ्याकडे आली आहे. तुझ्या बाजूने दोन, माझ्या बाजूने एक. घाबरतोस?"

"घाबरतो? मी?" तो बाईंकडे वळला. "बघा हं, मी तुमच्यासमोर सांगतो. चांगली ॲल्युमिनियमची फ्रेम असल्या खेळण्याने तुटत नाही. तुटली तर फ्रेमीचा दोष नाही, कुणीतरी तिच्याशी वाकडं वागलेलं असणार."

"हे बाईंनी ऐकलं," कानस म्हणाली.

"सगळ्यांना सांगतो! आणि माझी टिकली तर तू तुझ्या दारावर पाटी लावायची: ॲल्युमिनियम उत्तम."

"लावते. मोठ्या अक्षरात."

रस्त्यावर येईपर्यंत तिने चेहरा सरळ ठेवला. मग भिंतीला टेकली आणि एकटीच हसली. पाहणाऱ्याला ते हसू गोड वाटलं नसतं.

पण यंत्र बांधता बांधता एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि तिची झोप उडाली. निळ्या फ्रेमीला आधी तपासून पाहणं शक्य नव्हतं. एकच होती, आणि एकदाच तुटणार होती. ती तुटलीच नाही तर खूण झाकायला तिने दिलेल्या नव्या रंगाखाली सगळा पुरावा तसाच राहणार. पण त्याहून वाईट म्हणजे, चकाकीची चांगली फ्रेमही तुटली तर? मग तो हात वर करणार, "बघा, ॲल्युमिनियमच असं," आणि सुटणार. जन्मभर स्टीलचे गोडवे गाणाऱ्या कानसला आता ॲल्युमिनियम टिकावं म्हणून देव पाण्यात घालून बसायची वेळ आली होती.

म्हणून प्रदर्शनाच्या पहिल्या सकाळी चकाकीची लाडकी चंदेरी फ्रेम तिने स्वतः यंत्रात बसवली. आधी भिंग लावून तिचा प्रत्येक सांधा पाहिला. चिमट्यांखाली रबराच्या पट्ट्या घातल्या, कुठे ओरखडा नको. तिन्हींवर दाब अगदी सारखा आहे ना, ते बाईंच्या देखत दोनदा मोजून दाखवलं.

"माझ्या फ्रेमीचे एवढे लाड?" चकाकीने डोळे मिचकावले.

"पाहुणी आहे," कानस म्हणाली. "चालू कर. बटण तूच दाब."

यंत्र सुरू झालं. खट-खट, खट-खट. पहिल्या दिवशी लोकांची गर्दी झाली. दुसऱ्या दिवशी लोक कंटाळले. तिसऱ्या दिवशी कुणी यंत्राकडे पाहीना, पण आवाज मात्र सगळ्या दुकानात भरून राहिला. कानस दुपारी येऊन उभी राहायची, चंदेरी फ्रेमीवरून बोट फिरवायची, आणि निघून जायची. चकाकी लोकांना सांगायचा, "कानसला आता पाटी रंगवायची घाई झाली आहे."

शेवटच्या दिवशी बक्षिसांसाठी सगळा क्लब जमला होता. धाकटाही आला होता. तो दाराजवळ उभा राहिला, आत आला नाही. नर्सही आली होती, नव्या स्टीलच्या सायकलीवर. बाईंचं भाषण चालू होतं. तेवढ्यात खट-खटचा ताल बिघडला. एक करकर झाली, जाड फांदी मोडल्यासारखी, आणि निळी फ्रेम यंत्रात लोंबू लागली. यंत्राच्या खटक्याने तिचा दट्ट्या आपोआप थांबला. बाकीच्या दोन चालूच राहिल्या.

"ॲल्युमिनियम गेलं!" कुणीतरी ओरडलं.

"स्टीलवाल्यांनो, टाळ्या!"

चकाकीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो गर्दी बाजूला सारत पुढे आला. "थांबा! टाळ्या कसल्या? माझी चालू आहे ना? तेच ॲल्युमिनियम आहे ना? मग ही का तुटली? काहीतरी केलंय हिला." त्याने वाकून पाहिलं. फ्रेम पायडलच्या मागे मोडली होती. त्याने खिशातून व्हर्नियर काढला, मागच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं, आणि विजयाने हात उंचावला.

"हे बघा! मूळ मापापेक्षा रुंद आहे. ही फाकवली आहे! अरे, ॲल्युमिनियम कधी फाकवायचं असतं? कुठल्या गाढवाने केलं हे? असल्या फ्रेमीवर माणूस बसवला तर तो मरायचा!"

कानसने हात वर केला.

"मलाही तेच विचारायचं होतं," ती म्हणाली. "कुठल्या गाढवाने?"

चकाकीच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. आपण काय बोललो ते त्याला आत्ता ऐकू आलं.

नर्स निरागसपणे चकाकीपुढे आली. "मावशीने नवे गिअर तुमच्याकडेच बसवून घेतले होते. नंतर ती फ्रेम कुठे गेलीच नाही. माळ्यावरच होती."

"ही... हिनेच काहीतरी केलं असेल," चकाकी कानसकडे बोट करत म्हणाला. "वर्कशॉप तिचं. यंत्र तिचं."

"असेल," कानस म्हणाली. तिने आस सोडवला आणि पट्टीवरचा नवा रंग खरवडून काढला. "बाई, तुम्हाला बारीक खड्डे बघायची सवय आहे. हे बघा."

दातांच्या डॉक्टरबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "वॉशरची खूण. कडेला एक टवका उडालेला."

"मास्तरांच्या दांड्याचा वॉशर असाच होता. तो दांडा मास्तरांनी कुणाला दिला, ते इथल्या म्हाताऱ्यांना विचारा. माझ्याकडे तर त्यांची साधी पक्कडही नाही. तो त्या कपाटात आहे, मखमलीवर. कुलूप उघड."

"किल्ली... किल्ली घरी राहिली."

"मग कमरेला लटकतेय ती कशाची?" बाईंनी विचारलं.

कुणी हसलं नाही. चकाकीने कुलूप उघडलं. कानसने दांड्याचा वॉशर काढून त्या खुणेवर ठेवला आणि फिरवला. खाच खाचेवर आली आणि वॉशर जागच्या जागी बसला.

"आता मोडलेली जागा बघा," ती गर्दीला म्हणाली. "ज्यांनी तो उतार पाहिला होता त्यांनी बघा. निळी, त्याच वर्षीची, तेच गिअर. आणि तुटली कुठे? जिथे माझ्या भावाची तुटली होती तिथेच. फक्त इथे वर कुणी जनावर बसलेलं नव्हतं. मोटर होती."

"मला तेव्हा माहीत नव्हतं," चकाकी पुटपुटला.

"तेव्हा म्हणजे केव्हा? फाकवलीस तेव्हा, की तुटल्यावर?"

चकाकीने वॉशर खुणेवरून उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला.

"फाकवलीस त्याची माफी तुला त्याच दिवशी मिळाली असती. हात सवयीने चालतो, माझाही चालला असता. मी दुसरं विचारतेय. उतारावर पहिला तू पोचलास. मोडलेली जागा हातात घेतलीस. तेव्हा कळलं की नाही?"

चकाकीने फरशीकडे पाहिलं. तिथे त्याचाच चेहरा होता. मग त्याने मान हलवली.

"मानेने नको. तोंडाने."

"कळलं होतं," तो म्हणाला.

गर्दीतून एक उसासा गेला. मागे कुणीतरी दाराकडे वळून पाहिलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच. धाकटा आत येत होता. चालताना त्याचा वाकडा हात पोटाशी धरलेला असे, तसाच आताही होता. कानसला वाटलं, हा आता येऊन म्हणणार, जाऊ दे, ताई. हा मऊच आहे. आणि मग चकाकी रडणार, सगळे डोळे पुसणार, आणि मामला दोन मिनिटांत गोड होऊन जाणार. ती दात आवळून उभी राहिली.

चकाकी त्याच्यासमोर आला. मान खाली घालून, अगदी हळू म्हणाला, "चूक माझी होती रे. तू नीट चालवत होतास."

धाकट्याने ते ऐकून घेतलं. मग एक स्टूल पायाने ओढलं आणि त्यावर बसला, लांबलचक गोष्ट ऐकायला बसतात तसा.

"मागच्यांना ऐकू आलं नाही," तो म्हणाला.

चकाकीने तेच पुन्हा, मोठ्याने म्हटलं.

"हे शेवटचं झालं. मला सुरुवातीपासून हवंय. सगळं. फ्रेम कुठे आहे म्हणून ताईने विचारलं तेव्हा काय सांगितलंस, बैठकीत काय बोललास, सगळं. मला घाई नाही. माझं चाक बांधायचं काम उद्यावर टाकून आलोय."

"अरे, एवढ्या लोकांपुढे..."

"तेव्हाही लोक होते."

कानस आपल्या भावाकडे बघत राहिली. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत तो चाकं बांधत होता, चहा ठेवू का म्हणून विचारत होता, आणि तिला वाटत होतं की डूख धरणारी या घरात आपण एकटीच.

स्टीलची आणि चंदेरी, दोन्ही फ्रेमी अजून चालूच होत्या, खट-खट, खट-खट. त्या आवाजात मागच्या रांगेला काही ऐकू आलं नसतं. कानस यंत्रापाशी गेली आणि तिने बटण बंद केलं.

"हं," धाकटा म्हणाला. "दांड्याला नट लावलेस, तिथपासून सांग."